मध्ये कुणी नाही

भाग्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर भाग्या लिहीत होती. भर दुपारची वेळ. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत उन्हामुळे चिटपाखरू नव्हतं, समोरच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा जिन्याखालच्या सावलीत जाऊन आडवा झाला होता. मी कुठल्याशा संस्थेच्या अहवालाची मुद्रितं तपासत बसले होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात आमची ती खिडकी नेहमीसारखी उघडी होती. हिरवा ठिपका लुकलुकत होता आणि त्याच्या शेजारी शब्द होते, 'भाग्या लिहायलीय…'. फोनवर तिचे वडील होते. त्यांना सगळे नायना म्हणतात, मीही म्हणते. ते म्हणाले, "संजू, भाग्या गेली बाळ. आत्ताच. दवाखान्यातच." मी पडद्याकडे बघत म्हणाले, "नायना, ती तर लिहायलीय." त्यांना ते ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल आणि अशा वेळी माणसं काहीही बोलतात असं समजून त्यांनी सोडून दिलं असेल… फोन बंद झाला. ठिपका लुकलुकत राहिला.

यातलं कारण मला त्याच दिवशी समजलं होतं, हे आधीच सांगून टाकते. भुताखेताच्या गोष्टी सांगून वाचकांना घाबरवणं हा माझ्या मते लबाडीचा धंदा आहे. पण कारण कळलं म्हणून अंगावरचा काटा जातो, असं जे म्हणतात तेही खरं नाही. मला कारण माहीत होतं आणि तरीही कित्येक आठवडे त्या खिडकीकडे पाठ करून बसायची माझी हिंमत झाली नाही.

आमची ओळख माझ्या वडिलांच्या छापखान्यात झाली. छापखाना म्हणजे एक खोली, एक पायानं चालवायचं जुनं मशीन आणि शाईचा वास. तिथे लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि पत्रकं छापून बाबांना आपण जगतोय असं वाटायचं. गिरणीचे कामगार, विडीच्या बायका, यंत्रमागवाले, ज्यांना कुणाला काही ओरडून सांगायचं असेल ते आमच्याकडे यायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'जाहीर', 'निषेध', 'एकजूट' हे माझे पहिले शब्द. भाग्या आली होती तिच्या घरच्या टॉवेलांची लेबलं छापायला. पूर्व भागात त्यांचं घर, खाली चार यंत्रमाग आणि वर राहायच्या खोल्या. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि मधूनमधून गल्लीतली दख्खनी. कॉम्प्युटर शिकत होती. लेबलं वाळेपर्यंत तिनं शेजारी पडलेलं माझं पत्रक उचललं, उभ्या उभ्या वाचलं आणि मला विचारलं, "धिक्कार किती वेळा गं? एकदा केला तरी पोचतो की." मी चिडून काहीतरी उत्तर दिलं. त्या दिवसापासून तिनं मला संजू अशी हाक मारलीच नाही. "काय बे पत्रक, आज कुणाचा धिक्कार?" अशीच तिची सुरुवात असायची.

तिच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं बिघडली होती. पुढे ऑपरेशन झालं, गोळ्या कायमच्या लागल्या. तिला त्याबद्दल कुणी हळहळलेलं चालत नसे. ती म्हणायची, मागाशेजारी जन्मलेल्या पोरीचा ठोका चुकला तर तो कळणार कुणाला, खाली एवढा खडखडाट चालू असतो. ते खरंच होतं. त्यांच्या वरच्या खोलीत बसलं की पेल्यातलं पाणी सतत थरथरत असायचं. मला तिथं बसून गेल्यावर घरी शांतता सहन व्हायची नाही.

आम्ही दोघींनी ते बोलण्याचं साधन बनवायला घेतलं, म्हणजे तिनं घेतलं आणि मी शेजारी बसून वाद घातला, त्यामागे एक राग होता. आमच्या ओळखीतल्या, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या बायकांनी मोबाईलवर एक गट केला होता. तिथं त्या आपसात बोलायच्या. सुपरवायझरच्या सवयी, बाथरूमला जाण्यावरची नजर, असं जे बायका एकमेकींनाच सांगतात ते. कुणीतरी त्यातलं एक पान पुढं पाठवलं, ते फिरत फिरत मालकापर्यंत गेलं आणि एका बाईचं काम सुटलं. मी तावातावानं पत्रक लिहायला बसले. भाग्या शेजारी शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "पत्रकाला पाय फुटावेत म्हणून तू छापतेस. बरोबरच हाय. पण बोलण्याला पाय फुटू नयेत की. त्या बाईनं पत्रक काढलं नव्हतं. ती मैत्रिणीशी बोलायली होती."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. मी वाढलेच मुळी चव्हाट्यावरच्या शब्दांत. जे खरं आहे ते चौकात सांगावं, खाली नाव घालावं आणि परिणाम भोगावेत, ही माझी शिकवण. लपवणारे ते मालक, लपवणारे ते पुढारी. आपण कशाला लपवायचं? भाग्या शांतपणे म्हणाली, "तू घराला पडदा लावतेस तो चोरी करतेस म्हणून का?" आजही मला राग येतो तो याचाच, की आपलं घरातलं बोलणं, आईला विचारलेली औषधाची वेळ, मैत्रिणीला सांगितलेली पाळीची तक्रार, सगळं कुठल्या तरी परक्याच्या कोठारात जाऊन पडतं आणि आपण त्याला सोय म्हणतो.

तर ती बसली. जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी कधीच मेलेली आणि वायर काढली की जीव जाणारा; लाइट थोडा वेळ गेली तर घरातल्या इन्व्हर्टरवर तगायचा. जावास्क्रिप्ट ही भाषा, जी ब्राउझरला आतूनच समजते, म्हणजे कुणाला काही उतरवून घ्यायला नको, नुसतं पान उघडलं की झालं. पहिल्या दिवशी तिनं एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या आणि डाव्या खिडकीतून उजवीला लिहिलं, 'हाय का?' उजवीकडं ते उमटलं. मग तिनं उजवीकडून उत्तर दिलं, 'हाय की.' बराच वेळ ती अशी स्वतःशीच बोलत बसली, आणि मी मागं उभी राहून बघत होते. मग तिनं मला मधलं दाखवलं. तोच 'हाय की' वाटेत कुणी अडवून बघितला तर कसा दिसेल ते. अक्षरांचा आणि आकड्यांचा एक चोथा. मी वाचायचा प्रयत्न केला, कारण समोर अक्षरं दिसली की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. पाण्याखालून कुणीतरी बोलतंय आणि फक्त बुडबुडे वर येतायत, असं काहीतरी वाटलं. भाग्या खूष होती. "बघ, हे कुणालाही मिळू दे. पत्रक म्हणून वाट."

दोन ब्राउझरांना एकमेकांचा पत्ता कळायला तिसरा कुणीतरी लागतो. एक छोटा सर्व्हर, जो याचा निरोप त्याला आणि त्याचा याला देतो. भाग्यानं त्याचं नाव मध्यस्थ ठेवलं. लग्न जमवणारे असतात तसा. "ओळख करून दिली की त्यानं अक्षता पडायच्या आधी निघून जायचं. जेवायलासुद्धा थांबायचं न्हाय." पुढचं बोलणं थेट, या यंत्रातून त्या यंत्रात. कुठंही साठवण नाही. ब्राउझर स्वतःचं एक कुलूप लावतोच, पण दुसऱ्यानं लावलेल्या कुलपावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं त्यावर आपलं एक लावलं. प्रत्येक खिडकी उघडताक्षणी स्वतःची चावी घडवते आणि ती फक्त त्या खिडकीच्या स्मरणात असते. खिडकी बंद केली की चावी मेली, बोलणं गेलं. परत उघडली की नवी चावी, नवी सुरुवात. बाबांनी एकदा ते पान निरखून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "खाली मुद्रकाचं नाव कुठंय?" पत्रकावर ते असावंच लागतं. भाग्यानं लगेच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ घातली, 'मुद्रक: भाग्या. प्रकाशक: कुणी नाही.' बाबा कित्येक दिवस ते आठवून हसायचे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतेय. एका दुपारी आम्ही आपापल्या घरून बोलत होतो. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. बोलणं नेहमीचंच, पण मला सारखं काहीतरी खटकत होतं. भाग्या नीट लिहीत होती. 'आहे', 'नाही', 'कुठे', सगळं पुस्तकासारखं. मी मनातून सुखावलेसुद्धा, कारण तिच्या लिहिण्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. मी लिहिलं, 'आज शुद्ध लिहितेस, तब्येत बरी आहे ना?' उत्तर आलं, 'हो, बरी आहे.' मग तिचा फोन आला आणि ती हसत सुटली. ती सगळं तिच्याच भाषेत लिहीत होती. तिनं मध्यस्थाच्या जागी एक खोटा मध्यस्थ बसवला होता. तो मला सांगत होता मीच भाग्या, आणि तिला सांगत होता मीच पत्रक. दोघींचं कुलूप उघडायचा, 'हाय'चं 'आहे' करायचा आणि परत लावून पुढं द्यायचा. "तुला जे आवडतं तेच मधला तुला देतो बे. म्हणून तर तो कळत न्हाय," ती म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. घटकाभर मी जिच्याशी मनापासून बोलले ती भाग्या नव्हती, भाग्यासारखी कुणीतरी होती, आणि मला ती भाग्यापेक्षा जास्त आवडली होती.

यावर उपाय तिनं त्याच आठवड्यात केला. दोन्ही चाव्या मिळून जी खूण तयार होते तिचे तिनं शब्द केले. एरवी तिथं आकडे असतात. ती म्हणाली, आकडे कोण वाचणार, शब्द पाहिजेत आणि ते सोलापुरातले पाहिजेत. मग आम्ही बसून शब्द गोळा केले. मागावरचे, स्वयंपाकघरातले, गल्लीतले. ओळख झाली की दोघींच्या पडद्यावर एक ओळ उमटायची. आमची ओळ होती, 'कांडी, वेस, फणी, चिंच, कंदील, धोटा'. ती फोनवर वाचून बघायची. एक शब्द तिनं, पुढचा मी. मध्ये कुणी बसला असेल तर दोघींच्या ओळी वेगळ्या येतात, तेवढं त्याला लपवता येत नाही. सगळे शब्द जुळले की भाग्या म्हणायची, "मध्ये कुणी न्हाय." आणि फोन ठेवून द्यायची. मग लिहिणं सुरू. देवाला हात जोडल्याशिवाय काही माणसं दुकान उघडत नाहीत, तसं ते झालं होतं. आमची दोघींची खिडकी कित्येक महिने बंदच झाली नव्हती, लॅपटॉप झोपायचा, उठायचा, पुन्हा जोडला जायचा, चाव्या त्याच असायच्या, शब्द तेच यायचे, तरी रोज एकदा वाचायचेच.

आणखी दोन गोष्टी तिनं त्या पानात घातल्या, दोन्हींवर आमचं भांडण झालं. पहिली म्हणजे ठोका. समोरची खिडकी जिवंत आहे का हे कळायला यंत्रं एकमेकांना ठराविक वेळानं एक काहीही अर्थ नसलेला निरोप पाठवतात. तिनं तो आला की हिरवा ठिपका एकदा उजळेल असं केलं आणि त्याला ठोका हे नाव दिलं. मी म्हणाले, हे कशाला, मला बघवत नाही. ती म्हणाली, "मला दिसतो ना तुझा. माझा तुला दिसला तर काय बिघडलं?" मधूनच एखादा ठोका गळायचा. ब्राउझर मागं पडलेल्या खिडकीला थोडी झोप देतो, त्यामुळं, असं तिनं समजावलं. दुसरं भांडण त्या शब्दावरून. समोरचं माणूस लिहीत असलं की दिसणारा शब्द तिनं घातला, 'लिहायलीय'. मी म्हणाले, 'लिहीत आहे' कर, सगळ्यांना चालेल. ती म्हणाली, "ते हापिसातल्या पाटीसारखं हाय. माझ्या खिडकीत माझी भाषा." बरं, तेही सोडलं. पण लिहिता लिहिता माणूस उठून गेलं आणि लिहायच्या चौकोनी डब्यात अर्धं वाक्य राहिलं, तरी तो शब्द तसाच राहायचा. मी म्हणाले ही चूक आहे, थोडा वेळ बोट हललं नाही की शब्द गेला पाहिजे. भाग्यानं माझ्याकडं बघितलं. "आणि माणूस विचार करत बसलं असंल तर? विचार करायलंय म्हणजे लिहायलंच की." ती चूक तिनं शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही.

त्या सकाळी तिला धाप लागली. दवाखान्यात नेताना ती जिन्यावरून आईला म्हणाली, "अम्मा, ती खिडकी बंद करू नको. मी अर्ध्यात हाय." अम्मानं ते ऐकलं आणि पाळलं. तेव्हा माझ्या पडद्यावर तो शब्द का होता हे तुम्हाला आता कळलं असेल. तिच्या खोलीत, तिच्या लॅपटॉपवर, त्या डब्यात एक न पाठवलेलं वाक्य बसलं होतं.

अंत्ययात्रेला मी गेले, पण वरच्या खोलीत जायला पाय उचलला नाही. माग बंद होते. त्या घरात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. बसायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ चहाची बशी हातात धरून म्हणाले, "एवढी हुशार पोर, पुण्याला गेली असती तर काहीतरी केलं असतं." मी त्यांना विचारलं, "काहीतरी म्हणजे काय?" ते गोंधळले. बाबांनी माझा हात दाबला म्हणून मी पुढं बोलले नाही, ते इथं बोलते. तिनं केलं होतं. कुणाच्याही परवानगीशिवाय दोन माणसांना एकमेकांशी बोलता येईल अशी जागा एका मुलीनं यंत्रमागाच्या खडखडाटात बसून बांधली होती. तिला त्यातून नाव नको होतं, नोकरी नको होती. आपल्याकडं मोठं काम म्हणजे ज्याची पाटी लागते ते. ज्याची पाटी लागत नाही ते कुणाला दिसतच नाही.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. खिडकी बंद करावी तर माझ्या बाजूची चावी मेली असती. उघडी ठेवावी तर ती लिहीत होती. मुद्रितं तपासताना नजर कोपऱ्यात जायची. ठोका, ठोका, ठोका… आणि मधूनच एक गळायचा. तेवढ्यात माझा हात थांबायचा. एकदा न राहवून मी फोन कानाला न लावता, रिकाम्या खोलीत ते शब्द मोठ्यानं वाचले. तिचा पहिला शब्द मीच वाचला, मग माझा. ओळ तीच होती. कांडी, वेस, फणी… म्हणजे ती खिडकी तीच, चावी तीच, कुणी बदललेलं नाही, कुणी मध्ये बसलेलं नाही. खऱ्या भाग्याची खरी खिडकी माझ्याशी जोडलेली होती. शेवटी ते वाक्य म्हणायचं असतं, ते मला म्हणता आलं नाही. ते तिचं होतं.

मग अम्माचा फोन आला. अम्मा तेलुगू शाळेत शिकलेली, मराठी बोलते सपाटून, पण वाचते एकेक अक्षर लावून. ती म्हणाली, "संजू, उद्या दिवसभर लाइट जाणार म्हणं, दुरुस्तीला. ते यंत्र बंद पडंल. तिचं त्यात अर्धं राहिलंय. तू येतीस का?"

मी गेले. जिना चढताना खालचे माग चालू होते, नायनांनी काम सुरू केलं होतं. खोलीत लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर घरच्याच मागावरचा एक नॅपकिन पांघरला होता, आरशावर टाकतात तसा. कापडाखालून तो हिरवा ठिपका उजळायचा, विझायचा. इथं दिसत होता तो माझा ठोका होता. माझ्या घरी चालू ठेवलेल्या लॅपटॉपचा. अम्मा इतके आठवडे त्याच्याकडं बघत बसायची हे तिनं मला तेव्हा सांगितलं. "मला वाटायचं तिचाच हाय." मीही माझ्या घरी तिच्या यंत्राच्या ठोक्याकडं बघत तेच समजत बसले होते.

मी विचारलं, "तू वाचलंस का अम्मा?" ती म्हणाली, "न्हाय. मी अक्षरं लावत बसले तर येतं की मला. पण वाचलं तर संपंल ना." मग नॅपकिनचं टोक सरळ करत म्हणाली, "आता उद्या तसंही संपणार. तू वाच."

माझी पंचाईत अशी होती. भाग्याचा नियम मला तोंडपाठ होता, कारण त्यावर ती माझ्याशी भांडली होती. पाठवलं नाही ते बोललेलं नाही. कुणाच्या डब्यात डोकवायचं नाही. त्या बाईचं काम गेलं ते याच एका गोष्टीमुळं. आणि समोर तिची आई, जिच्याजवळ उद्यापासून हेही राहणार नव्हतं. मी म्हणाले, "अम्मा, तिला हे चाललं नसतं." अम्मा म्हणाली, "तिला मरणं तरी कुठं चाललं असतं?" तिनं ते रागानं म्हटलं नाही. शेंगा निवडताना म्हणावं तसं म्हटलं. "ती तुझ्याशी बोलायली होती. मी वाचणार न्हाय, तू वाच. तुझ्यासाठी हाय ते. मला सांगायचं असंल तर सांग."

मी नॅपकिन उचलला. एक अर्धं वाक्य होतं. मी वाचलं, आणि अम्माला तोंडानं सांगितलं. काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. हा लेख आहे, म्हणजे पत्रकच, आणि पत्रकाला पाय फुटतात. एवढंच सांगते की त्यात निरोप नव्हता, मरणाचा म नव्हता. येताना काय घेऊन यायचं याबद्दलचं, खाण्यातल्या एका वस्तूबद्दलचं ते होतं, आणि वस्तूचं नाव यायच्या आधी संपत होतं. अम्मा ऐकून म्हणाली, "एवढंच?" मग तोंडावर पदर धरून बराच वेळ हसली की रडली ते मागांच्या आवाजात कळलं नाही. "तिला दुसरं काय सुचणार… खायचंच."

तिनं बोट पाठवायच्या बटणावर नेलं. "हे दाबलं तर तुझ्याकडं येईल ना?" मी म्हणाले, "येईल अम्मा. पण ते तिनं पाठवलेलं नसेल." अम्मानं बोट तसंच धरून ठेवलं, मग काढून घेतलं. नॅपकिन परत टाकला. "राहू दे. ती अर्ध्यात हाय म्हणाली होती."

दुसऱ्या दिवशी मी घरी खिडकीसमोर बसून राहिले. ऊन वर आलं. ठोका येत होता. एक गळला, पुढचा आला. मग एक गळला आणि पुढचा आला नाही. 'भाग्या लिहायलीय…' हे शब्द हळूच पुसले गेले आणि त्या जागी भाग्यानं कधीतरी घालून ठेवलेली, मी विसरून गेलेली ओळ आली. जोडणी तुटली की इतर ठिकाणी 'त्रुटी' असा संदेश येतो. तिनं मागावरचं घातलं होतं. 'धागा तुटला. सांधायचा?' आणि खाली एक बटण, 'सांध'.

ते तिनं मला विचारलंय असं वाटत राहिलं. दुपारभर मी त्या बटणाला हात लावला नाही.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. अम्मा. "लाइट आली. मी यंत्राचं गोल बटण दाबलं. आपोआप तिचं पान आलं. आता ते मला काहीतरी विचारायलंय. सांध म्हणून हाय. दाबू?" मी म्हणाले, "दाब." मीही माझ्याकडचं दाबलं. तिच्या बाजूची जुनी चावी लाइटीबरोबर गेली होती, नवी घडली. हिरवा ठिपका परत आला. तिच्या लॅपटॉपवर नाव भाग्याचंच आहे, ते तिनं पानात कायमचं घालून ठेवलंय, त्यामुळं अम्माचं बोट कुठल्यातरी अक्षरावर पडलं तसं माझ्या पडद्यावर उमटलं, 'भाग्या लिहायलीय…'. मला माहीत होतं कोण आहे. तरी मी खुर्ची जराशी मागं घेतली.

अम्मा म्हणाली, "वर काही शब्द आलेत. वेगळेच आलेत. आधीचे मला पाठ झाले होते, तिच्या तोंडून ऐकून ऐकून. हे वाचायचे असतात ना?" मी हो म्हणाले. ती अक्षरं लावत वाचू लागली. "हु… र… डा. हुरडा."

"उंबरा," मी वाचलं.

"ता… णा. ताणा."

"वात."

"सुई."

"पायरी."

फोनमध्ये मागं यंत्रमाग सुरू झाल्याचा आवाज आला. आणि अम्मानं विचारलं, "जुळलं का गं? मध्ये कुणी न्हाय ना?"

मी ठिपक्याकडं बघत होते. एक ठोका गळला. मग पुढचा आला.

"नाही अम्मा," मी म्हणाले. "मध्ये कुणी नाही."